कमान आमची, वही साडूची

तीर्थरूप दादांस,

आपल्या दोन बहिणींपैकी थोरलीच्या नवऱ्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

आपली प्रकृती कशी आहे? उजवा गुडघा पूर्वीसारखाच दुखतो, की आता डाव्यानेही त्याला साथ द्यायला सुरुवात केली? वहिनींचा चष्मा सापडला का? (मागच्या वेळी मी आलो होतो तेव्हा तो पिठाच्या डब्यात निघाला होता, तेव्हा आधी तिथेच बघावं.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. सर्व म्हणजे आई सोडून, आणि खुशाल म्हणजे पत्रात लिहितात तेवढेच. तुमची बहीण ठणठणीत आहे आणि गेले तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, ते मला सांगता येणार नाही.

हे पत्र मी निव्वळ ख्यालीखुशाली विचारण्यासाठी लिहितो आहे, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. आपण आरोग्य कचेरीत मुख्य कारकून आहात आणि आमच्या खोऱ्यातल्या नव्या दवाखान्याची फाइल सध्या आपल्याच टेबलावर पडली आहे, हा योगायोग समजावा. मी तर फाइलीचा विषयसुद्धा काढणार नव्हतो. पण माणूस मोठ्या मेहुण्याला पत्र लिहायला बसला की मनातलं कागदावर येतंच, त्याला माझा इलाज नाही.

तर त्या फाइलीचं असं आहे. ओढ्याच्या अलीकडे आमचं गाव, पलीकडे धाकट्या साडूचं. मध्ये लाकडी पूल, अरुंद आणि दोन्ही बाजूंनी चढाचा. दोन गावांत मिळून दवाखाना एक, आणि तो कोणत्या बाजूला बांधायचा हे तुमच्या कचेरीची समिती ठरवणार. आज कोणी आजारी पडलं तर वीस किलोमीटरवरच्या बाजारगावी न्यावं लागतं. गेल्या महिन्यात आईला धाप लागली तेव्हा तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बटाट्याच्या पोत्यांवर बसवून नेलं. पोचल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा माझीच नाडी धरली, कारण दोघांत जास्त पांढराफटक मी दिसत होतो. हसण्यावारी नेतो आहे, पण दादा, त्या वीस किलोमीटरांत मी सात वेळा तिच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं. तसं बोट धरायची वेळ पुन्हा येऊ नये, एवढंच मला हवं आहे. आम्हाला दवाखाना पाहिजे, आणि तो साडूला मिळता कामा नये. या दोन इच्छांपैकी पहिली मी चारचौघांत बोलून दाखवतो.

आता तुमच्या धाकट्या मेहुण्यांविषयी. मला त्यांच्याबद्दल काडीचाही मत्सर नाही, हे तुमची बहीण सोडून सगळ्यांना मान्य आहे. मी गावप्रमुख झालो त्याला बावीस वर्षं झाली, त्यांना चार. त्यांचं लग्न नवीन होतं तेव्हा हा माणूस माझ्याकडे येऊन विचारायचा, 'भाऊ, सभेत बोलताना हात कुठे ठेवायचे?' मी सांगितलं, कोटाच्या खिशात. अजून तिथेच ठेवतो. माझ्याकडून घेतलं ते एवढंच. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते असल्याच लोकांसाठी. (मधूनच मी त्याला अरेतुरे लिहितो आहे ते रागाने नव्हे, जवळिकीने.) बरं, चार वर्षांत त्याने केलं काय? बघायला जाल तर काहीच नाही. कमान नाही, कारंजं नाही, पाहुण्यांना नेऊन दाखवावं असं एक ठिकाण नाही. आहे काय, तर हातपंप दाबला की पाणी येतं. गटार ज्या दिशेने वाहायला हवं त्याच दिशेने वाहतं. रस्त्यावरचे दिवे संध्याकाळी लागतात आणि सकाळी विझतात. दूध गार ठेवायची एक खोली बांधली, म्हणून दुधाची गाडी रोज यायला लागली. गाडी येते म्हणून दुकान निघालं, दुकान निघालं म्हणून शहरात गेलेली दोन कुटुंबं परतली, त्यांची मुलं आली म्हणून शाळेला दुसऱ्या बाई मिळाल्या. एकाला धरून एक, सगळं आपलं चाललंय. आमच्या गावात मात्र अकरा दारांना कुलपं आहेत. बारावं दार सुताराचं. तो परवा सामान बांधताना दिसला म्हणून विचारलं, तर म्हणाला, 'लांब नाही जात, ओढ्यापलीकडेच.' तो समुद्रापलीकडे गेला असता तर मला कमी लागलं असतं.

घरात तर विचारूच नका. सकाळच्या चहाला धाकटीच्या हातपंपाचं पाणी, दुपारी धाकटीच्या अंगणातला दिवा, संध्याकाळी धाकटीच्या दारापर्यंत येणारी दुधाची गाडी. सव्वीस वर्षांपूर्वी तुमच्या वडिलांनी मला पसंत केलं तेव्हा दोन्ही जावयांत उंच मीच होतो, ही गोष्ट आता कोणालाच आठवत नाही. ओढा एकच, पण आमच्या काठावर चिखल आणि त्यांच्या काठावर हिरवळ. मी तर एकदा ओढ्यालाच विचारणार होतो, बाबा रे, तुझंही त्यांच्याशी काही नातं आहे का?

मी हातावर हात ठेवून बसलो होतो असं मात्र समजू नका. विकास हा दिसला पाहिजे, असं माझं पहिल्यापासूनचं मत. म्हणून गावाच्या तोंडाशी कमान बांधली. पलीकडे कमान नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. गवंडी म्हणत होता, अजून दोन हात उंच घेऊ. मी म्हटलं, इतकी उंच घेतली तर वरचं नाव कोण वाचणार? (वर गावप्रमुख म्हणून माझं नाव आहे.) उद्घाटनाच्या दिवशी बस आली ती कमानीपुढे थांबली. ड्रायव्हर खाली उतरला. त्याने कमानीकडे पाहिलं, बसकडे पाहिलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून बस बाहेरच्या बाहेर वळते आणि लोक तिथून पाऊण किलोमीटर चालत गावात येतात. चालणं प्रकृतीला चांगलं, असं मी त्याच दिवशीच्या भाषणात घालून टाकलं. शिवाय बस रोज वळून वळून तिथली जमीन कशी सपाट आणि टणक झाली आहे! कारंज्याविषयी लिहीत नाही. त्याला पाणी सोडलं की हातपंपाचं जातं आणि हातपंपाला ठेवलं की कारंज्याचं, त्यामुळे हल्ली दोन्हीकडे शांतता असते.

शेवटी ठरवलं, की पलीकडच्या भरभराटीचं गुपित काय आहे त्याचा छडा लावायचा. आमच्या गावकचेरीत एक कारकून आहे. गाव त्याला होयबा म्हणतं, कारण मी काहीही म्हटलं की तो होय म्हणतो. (गुणी माणूस आहे.) त्याला पाठवलं. तो तीन दिवस पलीकडे हिंडून आला आणि म्हणाला, गुपित वगैरे काही दिसलं नाही, कचेरीच्या दाराला एक वही टांगली आहे. मी म्हटलं, 'वहीने कधी गाव सुधारतं होय?' तो म्हणाला, 'होय.' आता हे त्याचं मत होतं की सवय, ते कळेना. म्हणून एका सोमवारी संध्याकाळी धाकटीला भेटायचं निमित्त काढून मी स्वतःच गेलो.

त्यांची कचेरी म्हणजे एक खोली. भिंतीला बाकं, मध्ये टेबल, टेबलाचा एक पाय विटेवर. (आमच्याकडे सहा फिरत्या खुर्च्या आहेत, त्यातल्या चार फिरतातही.) दाराच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली शंभर पानी शाळकरी वही आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल. कोणीही यावं, आपली अडचण लिहावी, जावं. सोमवारी साडू ती सगळ्यांपुढे उभ्याने वाचतो. एकही ओळ गाळत नाही. प्रत्येक ओळीपुढे काम कोण करणार आणि कोणत्या वारी, ते तिथल्या तिथे ठरवून लिहितो. काम झालं नाही तर पुढच्या सोमवारी तेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात. ओरडणं नाही, टोमणा नाही. शाळेच्या खिडकीची बिजागरी बसवायचं लोहाराने कबूल केलं होतं. त्याची ओळ त्या दिवशी तिसऱ्यांदा वाचली गेली, तसा तो उठला आणि वाचन अर्धं टाकून हातोडा आणायला गेला. मग पुढची ओळ आली. 'गावप्रमुखांच्या मोरीचं पाणी रस्त्यावर येतं, म्हातारी माणसं घसरतात.' मी सरसावून बसलो. म्हटलं, आता कळेल. दादा, त्याने तीही तशीच वाचली, पुढे स्वतःचं नाव लिहिलं, बुधवार लिहिला आणि पान उलटलं. कोणी हसलं नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजल्या असत्या तर बरं झालं असतं, सगळं नाटक आहे म्हणून मी समाधानाने घरी आलो असतो. त्या बाकावर बसून माझा जो जळफळाट झाला तो लिहून सांगण्यासारखा नाही.

दुसऱ्याच दिवशी मी आमच्या गावासाठी वही आणवली. पण आमची वही म्हणजे वही! तीनशे पानं, लाल कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. असली वस्तू खिळ्याला कुठे टांगता? म्हणून तिला काचेचं कपाट केलं. कपाटाला कुलूप लावलं, कारण कोणी काही वेडंवाकडं लिहून ठेवलं तर? किल्ली माझ्या कोटाच्या आतल्या खिशात. ज्याला तक्रार करायची असेल त्याने मला भेटावं, तक्रार तोंडी सांगावी, मला रास्त वाटली तर मी कपाट उघडून देईन, अशी अगदी सोपी पद्धत ठेवली. आणि गंमत बघा, सहा आठवड्यांत एकही तक्रार नाही! उलट कामं आपली आपण व्हायला लागली. हातपंपाचा दांडा खिळखिळा झाला होता, तो एका सकाळी पाहतो तर घट्ट. पुलाची मोडकी फळी गेली, नवी आली. शाळेपुढचा दिवा तीन वर्षं बंद होता, तो लागला. मी होयबाला विचारलं, 'हा सगळा वहीचाच प्रताप ना?' तो म्हणाला, 'होय.' मग मी कमानीवर 'तक्रारमुक्त गाव' असा फलक चढवला, आणि पलीकडून साडूला नीट वाचता यावा म्हणून जरा ओढ्याच्या बाजूला तिरका करून घेतला.

अशा तयारीत बुधवारी तुमची समिती आली. एक डॉक्टरीणबाई आणि एक इंजिनियर. बस कमानीबाहेर थांबल्यामुळे दोघं पाऊण किलोमीटर धुळीतून चालत आले, ते सोडलं तर सुरुवात झकास झाली. कारंज्याशेजारी खुर्च्या मांडल्या होत्या. मी कपाट उघडून दोन्ही हातांनी वही बाईंच्या पुढे ठेवली. त्यांनी कोरी पानं एकेक करून शेवटपर्यंत उलटली आणि विचारलं, 'गावात कोणाला काहीच त्रास नाही?' मी म्हटलं, 'छे!' त्या म्हणाल्या, 'कोणी आजारीही पडत नाही?' दादा, तिथे मी थांबायला हवं होतं. पण समोर कोरी करकरीत वही आणि डोक्यात पलीकडची भरलेली. मी म्हटलं, 'बाई, आमच्या गावात साधी सर्दीसुद्धा नाही.' होयबा म्हणाला, 'होय.' त्यावर बाईंनी वही मिटली आणि शांतपणे विचारलं, 'मग दवाखाना कशाला हवा?' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात समोरच्या आमच्या घरात आईला खोकल्याची उबळ आली, ती चांगली पाच मिनिटं थांबेना. मी आत धावलो, पाणी दिलं, पाठ चोळली. परत आलो तेव्हा इंजिनियर कारंज्याकडे बघत बसला होता आणि बाई माझ्याकडे.

मग दोघं पलीकडे गेले. दोन तासांनी परतताना बाई पुन्हा माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, पलीकडची वही मागच्या बाजूने उघडली की एक वेगळा भाग लागतो, त्याला 'शेजारचे' असं नाव दिलंय, आणि त्यात एक्केचाळीस तक्रारी तुमच्या गावच्या आहेत. हातपंपाचा दांडा, पुलाची फळी, शाळेपुढचा दिवा! आमचे लोक पूल ओलांडून तिकडे जाऊन लिहीत होते, आणि तिकडची माणसं आमचं गाव उठायच्या आत हत्यारं घेऊन येत, काम करत आणि मुकाट्याने परत जात. साडूने बजावलं होतं म्हणे, की गवगवा करू नका, भाऊंना वाईट वाटेल. म्हणजे मला वाईट वाटू नये याची काळजीसुद्धा त्यानेच घ्यायची! एकोणतिसावी तक्रार बाईंनी मुद्दाम कागदावर उतरवून आणली होती. 'सासूबाईंना चार पावलं चाललं की धाप लागते. डॉक्टर लांब आहे. घरच्या माणसाला सांगून उपयोग नाही, ते फलक तिरका करायला गेले आहेत.' अक्षर बाईंचं होतं, पण भाषा मी ओळखली. सव्वीस वर्षं मी तीच ऐकतो आहे.

घरात येऊन मी तुमच्या बहिणीला जाब विचारला. म्हटलं, 'आपल्या गावात वही नव्हती का?' ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'किल्ली कुठे असते?' मी म्हटलं, 'माझ्या खिशात.' ती म्हणाली, 'आणि तुम्ही कुठे असता?' त्यावर मी म्हटलं, तुला पहिल्यापासून बहिणीच्या नवऱ्याचंच कौतुक. त्यानंतर ती बोललेली नाही. चहा वेळेवर मिळतो, पण कप ठेवण्याचा आवाज वाढला आहे.

तेव्हा दादा, तुम्ही सुज्ञ आहात. दोन्ही बहिणी तुम्हाला सारख्या, म्हणजे त्यातल्या त्यात थोरली थोडी अधिक. पलीकडे आधीच सगळं आहे. ज्याचं भरलेलं त्याच्याच ताटात आणखी वाढायचं, हा कुठला न्याय? डॉक्टरीणबाईंच्या टिपणावर चुकून थोडी शाई सांडली तर तुम्हाला कोण विचारणार आहे? आमच्याकडे दवाखाना झाला तर तुमच्या गुडघ्याचीही सोय होईल, येऊन राहा हवे तितके दिवस. वहिनींना माझा नमस्कार. लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर राग मानू नये, मानलाच तर तो धाकट्यावर काढावा.

आपला आज्ञाधारक,
थोरला मेहुणा

ता. क. पत्र पाकिटात घालून कोटाच्या खिशात ठेवलं, ते तिथेच राहिलं. आज मंगळवार. पाकीट फोडून पुढचं लिहितो. काल आईने हट्ट धरला, की मलाही पलीकडे सोमवारच्या वाचनाला ने. तिला खुर्चीत बसवलं, एका बाजूने मी, एका बाजूने होयबा, असं करत पूल ओलांडला. पुलाच्या चढावर दोनदा थांबावं लागलं. साडूने एकोणतिसावी ओळ वाचली. तिच्यापुढे अजून कोणाचं नाव नव्हतं, म्हणून तो ती दर सोमवारी वाचतच होता म्हणे. आईला समोर बघून दुधाच्या गाडीवाल्याने हात वर केला. मंगळवारी आणि शुक्रवारी आजींना पुढच्या सीटवर बसवून बाजारगावी नेईन आणि परत आणून सोडीन, म्हणाला. आईने जवळ बोलावलं आणि डोक्यावरून हात फिरवला. गाडीवाल्याच्या नव्हे, साडूच्या! तिचा एकुलता एक मुलगा, खुर्ची उचलून हात भरून आलेला, शेजारीच उभा होता. घरी आलो तो अंगाचा तिळपापड झालेला. म्हटलं, घे बाबा, आई घे, दवाखानाही घे! त्याच तिरमिरीत बसून मी तुमच्या कचेरीला अर्ज लिहिला, की दवाखाना पलीकडच्या गावालाच द्यावा. लिहिला रागाने, पण साफ कागदावर उतरवताना जाणवलं, की बावीस वर्षांत मी इतकं चांगलं काही लिहिलेलं नाही. त्यात एक वाक्य असं आहे, की जिथे माणसं आपलं दुखणं लिहून ठेवतात आणि ते मोठ्याने वाचणारा कोणी असतो, तिथे अर्धा दवाखाना आधीच सुरू झालेला असतो. मला हे कसं सुचलं कोण जाणे. वाईट याचं वाटतं, की ते खरं आहे. आज सकाळी आईबरोबर दुधाच्या गाडीतूनच तो अर्ज टपालात टाकायला पाठवला. आमची लाल वही कपाटातून काढून दाराला टांगली आहे. दुपारपर्यंत सतरा तक्रारी, त्यातल्या नऊ कमानीच्या. वर शाई सांडण्याबद्दल जे लिहिलं आहे ते वाचू नये.

आणखी एक ता. क. पत्र अजून गेलेलं नाही, कारण पाकीट शोधेपर्यंत तुमच्याच कचेरीचं पत्र आलं. (खाली तुमची सही आहे, तरी मजकूर सांगतो, कारण सही करताना तुम्ही वाचत नाही असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात.) आमच्याकडून पलीकडच्या गावाची शिफारस आली, आणि पलीकडून आमच्या गावाची! साडूच्या पत्राची नक्कल सोबत जोडली होती. अलीकडच्या गावात म्हातारी माणसं जास्त आहेत, असं तो लिहितो. कमानीबाहेर बस वळते तिथली जागा सपाट आणि टणक आहे, तिथून गावात एकही चढ नाही, आणि तिथले गावप्रमुख आईसाठी धावपळ करणारे गृहस्थ आहेत. धावपळ करणारे! हे त्याला कोणी विचारलं होतं? जन्मात एकदा मी मोठेपणा करायला गेलो, तर तिथेही हा आधीच येऊन बसलेला. तारीख बघितली, माझ्या आधी दोन दिवस. कचेरीचं म्हणणं असं, की ज्याअर्थी दोन्ही गावं दवाखाना एकमेकांवर ढकलत आहेत, त्याअर्थी तो कोणालाच नको आहे. आठ दिवसांत एकाने शिफारस मागे घेतली नाही तर तो टेकडीमागच्या गावाला देण्यात येईल. टेकडीमागचं गाव इथून तीस किलोमीटर आहे, म्हणजे बाजारगावापेक्षाही लांब.

शेवटचा ता. क. आणि खरं तर एवढ्याचसाठी होयबाच्या हाती हे पत्र तुमच्याकडे पाठवतो आहे. साडूने शिफारस मागे घेतली तर दवाखाना पलीकडे जातो आणि मोठेपणा माझा राहतो. मी मागे घेतली तर दवाखाना आमच्या बाजूला येतो, पण जन्मभर गाव म्हणणार, साडूने दिला. दोन दिवस याच विचारात घालवले, आणि पहिल्या बाजूने मी बरेच मुद्दे काढले होते. आज जेवताना तुमची बहीण इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, 'आईंना आता पूल झेपत नाही.' एवढंच बोलली आणि भात वाढला. तेव्हा दादा, फाइलीतून माझा अर्ज काढा आणि फाडून टाका. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. फक्त फाडण्याआधी काहीतरी निमित्त काढून साडूला कचेरीत बोलावून घ्या, आणि तो अर्ज एकदा त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला द्या.